तुळशीने जोडलेली वीज

विजेचा खांब भिंतीआड गेला तो माघातल्या एका मंगळवारी, आणि त्याच दुपारी तुळशीच्या विहिरीवरची मोटर बंद पडली. ती सुपारीच्या आळ्यात पाणी वळवत होती. पाटातलं पाणी बारीक होत होत थांबलं, तशी फावडं टाकून ती मोटरपाशी गेली. फ्यूज ठीक होता. घरात दिवा लागेना, पंखा फिरेना. बांधावर चढून पाहते तर नव्या चिऱ्याच्या भिंतीपलीकडे खांब उभा आणि तिच्या घराकडे येणारी तार कापून त्याच्याच अंगाला गुंडाळून ठेवलेली.

किहीमच्या जरा वरच्या अंगाला समुद्राजवळ ही आळी होती. पूर्वी इथे अकरा घरं होती. चार वर्षांत दहा गेली. सगळ्यांच्या वाड्या मुंबईच्या एका बिल्डरने बंगल्यांसाठी घेतल्या, नारळी पाडल्या, भिंत घातली, रस्त्यावर मोठं लोखंडी फाटक बसवलं आणि फाटकावर पहारेकरी बसवला. मधोमध एकट्या तुळशीची वाडी राहिली. तिच्या वारलेल्या नवऱ्याने लावलेल्या साठ सुपाऱ्या, बावीस नारळ, एक विहीर आणि चार खणांचं घर.

बिल्डरला जमिनी गोळा करून देणारा माणूस परका नव्हता. तुळशीच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, विनेश. लहानपणी त्याची आई गेली तेव्हापासून दहावी होईपर्यंत तो तुळशीच्याच चुलीपाशी जेवला होता. संध्याकाळी तो आला. हातात गाडीची चावी फिरवत पडवीत बसला.

"वहिनी, टेन्शन नको घेऊ. आत गटाराचं काम चाललंय, म्हणून लाइन काढलीय. दोन-तीन महिने लागतील."

"दोन-तीन महिने? भर उन्हाळ्यात माझी वाडी कशावर जगंल?"

"तेच सांगतोय ना. कशाला जगवायची? तू एकटी बाई. लेक पनवेलला, प्राप्तीकडे जाऊन राहा. सही कर, मी सगळं नीट करून देतो."

"खांब मुद्दाम भिंतीच्या आत घेतला व्हय, विनेश?"

तो हसला. "मी कशाला घेईन? पण अंधारात किती दिवस बसणार तू? पंधरा दिवसांत स्वतः फोन करशील मला."

तुळशी उठून उभी राहिली. "पंधरा दिवसांनी ये मग. आता घरी जा."

दुसऱ्या दिवशी ती वीज कार्यालयात गेली. तिथल्या माणसाने नकाशा पाहिला, मान हलवली. खांब खासगी आवारात आहे, मालकाची संमती आणा. नाहीतर रस्त्याकडून नव्या खांबांसाठी अर्ज करा. तिने तिथेच बसून अर्ज लिहिला. पाहणी होईल, तो म्हणाला. कधी? होईल. तिने अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला आणि ती घरी आली.

पुढचे दहा दिवस ती रहाटाने पाणी काढत होती. सकाळी सत्तर कळशा, संध्याकाळी सत्तर. तळहातांना फोड आले, ते फुटले, तिथे पुन्हा आले. तरी टोकाकडच्या सुपाऱ्यांची पानं पिवळी पडायला लागलीच. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली ठमीमावशी मासळीची पाटी घेऊन आली, की तुळशीचा फोन चार्ज करायला घरी घेऊन जायची. एकदा तो परत देताना ती म्हणाली, "तुळशे, हात बघ तुझे. अशी मरशील. आमच्या जेट्टीवर त्या सौरदिव्याच्या खांबाला कुणाची तार लागत न्हाय. तुला काय धाड भरलीय?"

बोलणं तेवढंच, पण तुळशीच्या डोक्यात ते घर करून बसलं. कारण तुळशीला विजेचं भय नव्हतं. लग्नानंतर सतरा वर्षं ती अलिबाग-पेण रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात वाइंडिंगवर होती. तांब्याची तार तिच्या बोटांखालून मैलोगणती गेली होती. कारखाना बंद झाला तेव्हा हाती आलेली रक्कम तिने कशासाठीही न मोडता ठेवली होती. ती आता मोडायची आणि उन्हावर चालणारी वीज घरालाच बसवायची असं तिने ठरवलं.

काय सामान लागेल ते तिला कळत होतं, पण जोडणी करणारा हवा होता. ती चांगदेव वायरमनकडे गेली. साठीचा माणूस, गावातल्या अर्ध्या घरांची वायरिंग त्याच्या हातची. त्याने तिचा कागद नीट वाचला. चार पॅनल, चोवीस व्होल्टचा अडीच केव्हीएचा इन्व्हर्टर, दोन मोठ्या बॅटऱ्या. हिशोब बरोबर आहे म्हणाला. आणि कागद परत दिला.

"पण मी येणार न्हाय, तुळशीवहिनी."

"का?"

"चाळीस बंगल्यांचं काम माझ्याकडं हाय. विनेशने काल सांगितलं, तुझ्याकडं पाय टाकला तर तिकडं यायचं न्हाय." तो जमिनीकडे पाहत होता. "अलिबागवाल्यांनाही त्याने सांगून ठेवलंय. कुणी येणार न्हाय."

तुळशीने कागद घडी करून कमरेला खोवला. ती अंगण ओलांडून जात होती तेव्हा त्याने मागून हाक मारली. त्याच्या हातात वायरच्या टोकाची तांब्याची टोपणं, म्हणजे लग, दाबायची जाड दांड्यांची पक्कड होती.

"ही घेऊन जा. कुणी विचारलं तर मी कुठंतरी विसरलो. आणि ऐक, आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. उलटं केलंस तर इन्व्हर्टर जळंल."

"ते माहीत हाय मला," तुळशी म्हणाली, पण पक्कड तिने घेतली.

रात्री प्राप्तीचा फोन आला. "आई, तू वेडी झालीस का? छपरावर चढणार? तुला काही झालं तर?"

"तुझ्या वयाची होते तेव्हा अकरा हजार व्होल्टच्या कॉइली गुंडाळायचे मी. हे चोवीस व्होल्ट हाय."

"पण कशासाठी? इकडे ये ना."

"तू बोलावतेस म्हणून येईन गं, आठ दिवस राहीन. पण विनेशने हाकलली म्हणून न्हाय येणार."

 प्राप्ती म्हणाली, "सगळ्याचे फोटो पाठव मला. जोडणीच्या आधी."

सामानाचा टेम्पो आला तो फाटकावरच अडला. पहारेकरी म्हणाला, चालत जायला मनाई नाही, गाडीला परवानगी नाही. साहेबांचा हुकूम आहे. तुळशीने फाटकापाशीच उभं राहून विनेशला फोन लावला. त्याने उचलला नाही. टेम्पोवाला घाईला आला होता. शेवटी तिने त्याला वळवलं आणि जिथे गावचा रस्ता थेट किनाऱ्याला लागतो तिथे, ठमीमावशीच्या ओट्यावर सगळं उतरवून घेतलं.

"आता?" टेम्पोवाला विचारायला लागला.

"आता समुद्र हाय ना," ठमीमावशी म्हणाली. "त्याला अजून कुणी फाटक लावलेलं न्हाय. परवा अमावास्या. सकाळी पाणी पार लांब जातं. ओल्या वाळूवर पाय रुतत न्हाय."

अमावास्येच्या सकाळी कोळीवाड्यातून नऊ बायका निघाल्या. त्यांना तुळशीने बोलावलं नव्हतं, ठमीमावशीने दारोदार सांगितलं होतं. एकेक पॅनल पुठ्ठ्यासकट दोघींच्या डोक्यांवर. पर्यटकांना फिरवणारी एक घोडागाडी ठमीमावशीने अडवून ठेवली होती. तिच्यात दोन्ही बॅटऱ्या उभ्या ठेवून चोहोबाजूंनी जाळ्याचे गठ्ठे कोंबले, कारण बॅटरी कलंडली तर आतलं ॲसिड सांडतं. तुळशीने इन्व्हर्टर स्वतः उचलला. तो तिने कुणाच्या हाती दिला नाही. नवीन बंगल्यांच्या गॅलऱ्यांमधून चहाचे कप हातात घेतलेले लोक बघत राहिले. एकाने मोबाइल काढला. ठमीमावशीने पॅनलखालून ओरडून सांगितलं, "नीट काढ रे, तोंड येऊ दे माझं!" बायका हसत हसत सुरूच्या बनातून वर चढल्या आणि मागच्या बाजूने वाडीत शिरल्या.

पुढचे पाच दिवस तुळशी राबली. नारळाची सावली पॅनलवर नको आणि वरून नारळही पडायला नको, म्हणून तिने न्हाणीघराच्या सिमेंटच्या छताची जागा धरली. तिथे सकाळी नऊपासून साडेचारपर्यंत ऊन राहतं हे तिने खडूने खुणा करून पाहिलं होतं. गॅल्व्हनाइज्ड पाइपांचा सांगाडा केला, खारी हवा खाऊ नये म्हणून कापलेल्या टोकांना दोनदा रंग दिला. वादळात शेजारच्या घराचे पत्रे पानांसारखे उडालेले तिने पाहिले होते. म्हणून बोल्ट छताच्या आरपार घेतले आणि खालून पट्ट्या लावल्या. अर्थिंगसाठी मोरीच्या मागे पुरुषभर खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी उभी केली आणि कोळसा, मीठ असे थर घातले. दोन पॅनल एकापुढे एक जोडले, अशा दोन जोड्या केल्या. प्रत्येक जोडणी मीटर लावून मोजली, वहीत लिहिली, फोटो काढून प्राप्तीला पाठवला. शेवटी वीज कंपनीच्या मीटरकडून घरात येणारी वायर तिने सोडवली आणि तिथे एका वेळी एकाच बाजूची वीज घेणारा चेंजओव्हर स्विच बसवला. उद्या तार पुन्हा जोडली गेलीच, तर तिची वीज उलटी त्या तारेत जाऊन खांबावरच्या एखाद्याचा जीव घेईल, हे तिला माहीत होतं.

एवढं सगळं नीट केलं, पण एका ठिकाणी तिने हट्ट केला. बॅटऱ्या मागच्या पडवीच्या कोपऱ्यात ठेवल्या होत्या. इन्व्हर्टरही त्यांच्याजवळच असावा असं सोबतच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं. पण तिला तो मधल्या खोलीत, दारातून समोर दिसेल असा हवा होता. विनेश आला की त्याची पहिली नजर त्या पेटीवर पडली पाहिजे. म्हणून तिने वायर वाढवली. मधे एक सांधा दिला आणि भिंतीवरून फिरवत आणली.

सहाव्या दिवशी बाराच्या उन्हात तिने बॅटरी जोडली, मग पॅनल, मग बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. पंखा फिरला. ठमीमावशीसोबत आलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. विनेशही आला होता, बांधावर हात बांधून उभा.

"आता मोटर," तुळशी म्हणाली आणि तिने स्विच दाबला.

मोटरने घरघर केली, इन्व्हर्टर किंचाळला, लाल दिवा लागला आणि पंख्यासकट सगळं बंद. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मोटर नुसती हुंकारली.

विनेशने बांधावरून उडी मारली. "वहिनी, पंखा लागला ना? बस झालं. हवा खात बस. वाडीचं काय ते मी बघतो." जाता जाता तो कुणाला तरी फोनवर हसून सांगत होता ते सगळ्यांना ऐकू गेलं.

बायका एकेक करून निघून गेल्या. ठमीमावशी तेवढी तुळशीच्या ओट्यावर बसून राहिली.  भांडी आपटावीत, पक्कड भिंतीवर फेकावी असं तुळशीला वाटलं. तिने तसं काही केलं नाही. मीटर घेतला आणि ठमीमावशीला म्हणाली, "मावशी, मी सांगीन तेव्हा मोटरचा स्विच दाब. भिऊ नको."

बॅटरीच्या टोकांवर मीटर लावला. पंचवीस. मोटर दाबल्यावर चोवीसपर्यंत उतरला आणि तिथेच थांबला. म्हणजे बॅटऱ्या धडधाकट. मग मधल्या खोलीत जाऊन इन्व्हर्टरच्या टोकांवर लावला. पुन्हा दाबायला सांगितलं. आकडा एकोणीसपर्यंत कोसळला. म्हणजे पाच व्होल्ट वाटेतच मरत होते. तिने भिंतीवरच्या वायरवरून हात फिरवत नेला. सांध्यापाशी आली आणि हात झटकन मागे घेतला. चटका बसला होता.

ती खाली बसली.

"काय झालं गं?" ठमीमावशीने विचारलं.

"माझा टेंभा मला नडला, मावशी. विनेशला दिसावा म्हणून पेटी इथं टांगली. तिथवर येईपर्यंत वीज दमते."

"मग?"

"मग काय? नेते पडवीत. त्याला दिसो न दिसो."

इन्व्हर्टर काढला. पडवीच्या भिंतीवर, बॅटऱ्यांच्या शेजारी टांगला. दोन हात लांबसुद्धा नाही, पण चांगली जाड अशी वायर घेतली, लग चढवले आणि चांगदेवाच्या पक्कडीने अंगातलं सगळं बळ लावून दाबले. एक लग तिने ओढून पाहिला, मनासारखा वाटला नाही, तो कापून नवा दाबला. साडेतीन वाजले होते. ऊन अजून छतावर होतं. तिने सगळे स्विच बंद केले आणि एकटी मोटर लावली.

मोटर एकदा अडखळली आणि चालू झाली. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग नितळ. पाट भरून पाणी टोकाच्या सुपाऱ्यांकडे निघालं. तुळशी त्याच्या सोबत चालत गेली, आळ्यात उतरली आणि चिखलात घोट्यापर्यंत उभी राहिली. फुटलेले हात तिने पाण्यात धरले. झोंबले, तरी काढले नाहीत.

चार दिवसांनी विनेश आला तो चांगदेवाला घेऊन. दारातूनच म्हणाला, "वहिनी, हे चालणार नाही. ह्याला परवानगी लागते. उद्या तुझ्या करंटने लाइनमन मेला तर जबाबदार कोण? चांगदेव, बघ आणि काय काय चूक आहे ते लिहून दे. मला वर द्यायचंय."

तुळशी बाजूला झाली. "बघू दे की."

चांगदेवाने चष्मा लावला. आधी मीटरपाशी गेला, सोडवलेली वायर आणि चेंजओव्हर पाहिला. शिडीवरून छतावर चढला, एकेक बोल्ट हलवून पाहिला. अर्थिंगच्या खड्ड्याशी वाकला. पडवीत येऊन बॅटरीच्या लगांवर बोट दाबलं. पाव तास गेला. विनेश घड्याळ बघत होता.

"लिही," विनेश म्हणाला.

"काय लिहू?" चांगदेव म्हणाला. "हिची वीज बाहेर जायला वाटच ठेवलेली न्हाय. घरातल्या घरात फिरते. लाइनमनला काही धोका न्हाय."

"चूक शोध म्हटलं मी."

"मिळाली असती तर लिहिली असती." त्याने चष्मा काढून खिशात ठेवला.  "तुझ्या बंगल्यांत मला अर्थिंगला निम्मी पट्टी वापरायला लावलीस, विनेश. इथं पूर्ण हाय. कागद हवा असंल तर दोन्हीकडचं लिहून देतो."

विनेशचा चेहरा उतरला. "उद्यापासून येऊ नको तू कामावर."

"बरं," चांगदेव म्हणाला आणि पडवीतच बसला. "वहिनी, पाणी दे जरा."

तुळशीने फ्रिजमधली बाटली काढून त्याला दिली. मग दुसरा पेला भरून विनेशपुढे धरला. त्याने तो घेतला नाही. तिने तो तसाच धरून ठेवला.

"घे. जेवायला वाढलंय तुला या घरात, पाणी न्हाय म्हणणार न्हाय. पण वाडी देणार न्हाय. आज न्हाय, उन्हाळ्यात न्हाय, तुझ्या साहेबाने स्वतः येऊन हात जोडले तरी न्हाय."

विनेशने पेला घेतला, एका दमात प्याला आणि निघून गेला.

चैत्र लागला तेव्हा वीज कार्यालयाचा माणूस तिचा शिक्का मारलेला अर्ज घेऊन पाहणीला आला. तुळशी दांडीने नारळ उतरवत होती. तो म्हणाला, बिल्डरची माणसं संमती द्यायला तयार आहेत. भिंतीआडच्या त्याच खांबावरून उद्याच तार जोडून देता येईल. फक्त विहिरीकडून त्यांना एक पायवाट हवी, एवढ्या कागदावर सही लागेल.

तुळशीने कागद वाचला. घडी घालून त्याच्या हाती परत दिला.

"माझा अर्ज रस्त्याकडून नव्या खांबांचा हाय. तसे खांब घाला."

"त्याला वेळ लागेल, बाई. पावसाळा उलटेल."

"लागू दे," ती म्हणाली. "मला घाई न्हाय."

तो माणूस क्षणभर घुटमळला, मग त्याने अर्जावर तारीख टाकली, "रस्त्याकडून" या शब्दाखाली रेघ मारली आणि तिची सही घेतली. तुळशीने पुन्हा दांडी उचलली आणि वर पाहून पुढचा घड निवडला.